जुनी वही मिटवा, मग नवी उघडा : वर्षाचा हिशोब आणि पुढचा नेम कसा करायचा

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की सगळे एकमेकांना विचारतात, मग काय, यंदाचा संकल्प काय? आणि आपण पटकन काहीतरी बोलून मोकळे होतो, वजन कमी करणार, पैसे वाचवणार, लवकर उठणार. मागचं वर्ष नेमकं कसं गेलं ते बघितलेलंच नसतं, त्यामुळे ठरवलेलं संक्रांतीपर्यंत पण टिकत नाही. मी गेली सहा वर्षं हे जरा वेगळ्या पद्धतीने करतेय. पद्धत अर्धी माझ्या सासऱ्यांच्या किराणा दुकानातली आहे आणि अर्धी माझ्या आजीच्या चातुर्मासातली. मला तिचा खूप उपयोग झालाय म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

आधी एक दुपार काढा

तीन तास लागतात, कमी नाही. ३१ डिसेंबरच पाहिजे असं काही नाही हं, गुढीपाडव्याला करा, दिवाळीच्या पाडव्याला करा, वाढदिवसाच्या आदल्या दिवशी करा. सासऱ्यांकडे दिवाळी पाडव्याला नव्या वहीची पूजा व्हायची, पहिल्या पानावर स्वस्तिक, शुभ-लाभ, हळदकुंकू. पण त्याच्या आधी आठवडाभर ते दुकान बंद झाल्यावर रात्री जुनी वही घेऊन बसायचे. कोणाकडून येणं आहे, कोणाचं देणं आहे, काय बुडालं. जुनी मिटवल्याशिवाय नवीन उघडायची नाही हा त्यांचा नियम होता, आणि आपण नेमकं तेच विसरतो.

आठवणीवर विसंबू नका, पुरावे काढा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे आणि लोक नेमकी हीच गाळतात. नुसतं डोळे मिटून वर्ष आठवायला गेलात तर शेवटचे दोन महिने आणि एखादं मोठं भांडण एवढंच आठवणार. म्हणून समोर चार गोष्टी घ्या. स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं कॅलेंडर, बँकेच्या ॲपमधून १ जानेवारी ते ३१ डिसेंबरचं स्टेटमेंट, यूपीआयची हिस्टरी आणि फोनची गॅलरी महिन्यानुसार लावून.

यातलं कॅलेंडर म्हणजे खरा खजिना. आमच्याकडे कालनिर्णय असतं, ते १९७३ पासून निघतंय आणि सासूबाई त्यावर दूध, गॅस, कामवाल्या मावशींच्या सुट्ट्या सगळं लिहितात. मागच्या वर्षी मी अगदी ठाम होते की माझं अख्खं वर्ष ऑफिसमध्ये गेलं आणि घरासाठी मी काहीच केलं नाही. मग जूनचं पान उघडलं. ४ तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात "गॅस लावला", ९ ला "दूध १ लि. जास्त", ११ ला "ह्यांचा गुडघा, डॉ.", १३ ला परत "डॉ.", १६ ला "डॉ.", असं करत महिन्यात नऊ वेळा "डॉ." आणि त्यातल्या सात वेळा सासऱ्यांना घेऊन मीच गेले होते, रिक्षाचे पैसे यूपीआयमध्ये दिसत होते त्याच तारखांना. मला यातलं काहीही आठवत नव्हतं. मी त्या पानाकडे बराच वेळ बघत बसले.

महिन्याला अर्धं पान

शंभर पानी वही घ्या, प्रत्येक महिन्याला अर्धं पान. काय काय झालं, कोण कोण भेटलं, तब्येत कशी होती, बस. चांगलं-वाईट असं काही लिहायचं नाही, मार्क द्यायचे नाहीत, रडू आलं तरी थांबून परत लिहायचं. व्यापारी लोक याला रोजकीर्द म्हणतात, म्हणजे जे घडलं ते तारखेप्रमाणे उतरवून घ्यायचं. एप्रिल-मे अडकले तर गॅलरी बघा, फोटोंवरून सगळं आठवतं, अगदी कोणाच्या लग्नात कुठली साडी नेसलो होतो ते सुद्धा.

मग खतावणी

रोजकीर्दीतल्या नोंदी दुकानदार नंतर ज्याच्या त्याच्या खात्यावर नेतो, ती खतावणी. आपण पण तेच करायचं. मी सहा खाती करते: तब्येत, पैसा, काम, घर, माणसं आणि माझं स्वतःचं. बारा महिन्यांची पानं वाचत एकेक गोष्ट त्या त्या खात्यात टाका. खाती तयार झाली की आकडे स्वतःच बोलायला लागतात. माझ्या पैशाच्या खात्यात रात्री दहानंतर मागवलेल्या खाण्याचे वर्षाचे २३,००० निघाले, आणि ते सगळे त्या आठवड्यांमधले होते जेव्हा मी दुपारचा डबा नेला नव्हता. म्हणजे रात्रीच्या खर्चाचं मूळ सकाळच्या डब्यात होतं. हे मला नुसतं "पैसे वाचवायचे" म्हणून कधीच कळलं नसतं.

आता प्रत्येक खात्याखाली तीन गोष्टी लिहा. येणं, देणं आणि बुडीत.

येणं म्हणजे जे तुम्ही कमावलंय पण अजून पदरात पडलेलं नाही. इन्शुरन्सचा क्लेम, राहिलेली रजा, कोणाला उसने दिलेले पैसे. हे पटकन होतं.

देणं लिहायला वेळ लागतो, लागू द्या. पैशाचं देणं आपल्याला पाठ असतं, माणसांचं नसतं. माझ्या शाळेतल्या एका जवळच्या मैत्रिणीचे वडील ऑगस्टमध्ये गेले, आणि मी काय केलं होतं तर ग्रुपवर सगळ्यांच्या खाली "भावपूर्ण श्रद्धांजली" टाकलं होतं. एवढंच. फोन नाही, भेट नाही. खतावणी करताना माणसांच्या खात्यात तिचं नाव आलं तेव्हा पोटात कालवलं. संक्रांतीला तिच्याकडे तिळगूळ घेऊन गेले, पाच महिने उशिरा, आणि ती दारातच म्हणाली, "अगं ये ना, बाबांचे फोटो लावतेय, मदत कर." त्या दिवसापासून देण्याच्या यादीतल्या माणसांना संक्रांतीच्या आत फोन करायचाच हे मी पक्कं केलंय. संक्रांतीला उशिरा केलेल्या फोनचं कोणालाही वाईट वाटत नाही, उलट बरंच वाटतं.

बुडीत म्हणजे जे आता येणार नाही. सासरे अशा नावावर आडवी रेघ मारून बाजूला "बुडीत" लिहायचे आणि त्यानंतर त्या माणसाबद्दल कुरकुर करायचे नाहीत. मी तीन वर्षं "एमए बाहेरून करायचं" हे मागील पानावरून पुढे ओढत होते, दर वर्षी तेच. मागच्या वर्षी रेघ मारली. वाईट वाटलं पण डोक्यावरचं ओझं उतरलं. तुमच्याही यादीत असं एखादं असेल, मारा रेघ. पुढे खरंच करावंसं वाटलं तर नव्या वहीत नव्याने लिहा.

आता पुढचं वर्ष, पण चार महिन्यांच्या मापाने

इथे माझी आजी येते. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मास, आणि आजी दर वर्षी त्यात एक नेम धरायची. एक वर्ष लक्ष वातींचा धरला होता. एक लाख वाती म्हटलं की छाती दडपते, पण तिने हिशोब केला होता, साधारण १२० दिवस, म्हणजे रोज साडेआठशेच्या आसपास. बोटाला जरासं दूध लावून कापसाची वात वळायची, शंभराची जुडी झाली की बाजूला ठेवायची, सकाळी रेडिओ लागला की चार जुड्या आणि दुपारी चारच्या चहापर्यंत उरलेल्या. नेमाला सुरुवात होती, शेवट होता आणि शेवटी उद्यापन होतं. आपण मात्र वर्षभराचं धरतो, त्याला ना मध्ये टप्पा ना शेवट, मग ते मार्चमध्ये कधी सुटलं ते कळत पण नाही.

म्हणून वर्षाचे तीन भाग करा, जानेवारी ते एप्रिल, मे ते ऑगस्ट, सप्टेंबर ते डिसेंबर. आत्ता फक्त पहिल्या चार महिन्यांचं ठरवायचं, आणि दोनच नेम, फार तर तीन. खतावणीत जिथे सगळ्यात जास्त दुखलं तिथलाच नेम घ्या, दुसऱ्या कोणाचं बघून घेऊ नका.

आणि काहीतरी सोडायचं असेल ना, तर आधी कांदेनवमी करून घ्या! चातुर्मासात कांदा-लसूण, वांगं बंद म्हणून आषाढ शुद्ध नवमीला घरोघरी कांद्याची भजी, थालीपीठ, झुणका सगळं मनसोक्त खायचं. मन भरलं की सोडायला सोपं जातं, हे आपल्या बायकांना पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. मी रात्री फोन बघणं सोडलं त्याच्या आधीचा रविवार दिवसभर लोळून सिरीज बघितली, आणि सोमवारी सुरू केलं.

वाक्य पूजेच्या संकल्पासारखं लिहा

सत्यनारायणाला बसलात तर आठवेल, गुरुजी हातात पाणी-अक्षता देतात आणि संवत्सर, अयन, ऋतू, महिना, पक्ष, तिथी, वार, मग तुमचं गोत्र, नाव आणि कशासाठी हे सगळं म्हणून शेवटी "करिष्ये" म्हणायला लावतात आणि मग ताम्हनात पाणी सोडायचं. कधी, कुठे, कोण, कशासाठी, काहीच मोघम ठेवत नाहीत. आपलं वाक्य पण तसंच पाहिजे. "रोज चालणार" असं नको. "मी सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी बस एक स्टॉप आधी सोडून घरापर्यंत चालत येणार, शुगरसाठी" असं लिहा. डब्याचं माझं वाक्य होतं, "मी रविवार ते गुरुवार रात्री भांडी आवरल्यावर ओट्यापाशी उभी राहून उद्याची भाजी चिरून डब्यात ठेवणार, रात्रीचं बाहेरचं खाणं थांबावं म्हणून." लिहिल्यावर घरात एकाला मोठ्याने वाचून दाखवा.

फक्त खाडे मांडा

रोज बरोबरची खूण करायची सिस्टीम मी दोन वर्षं करून बघितली, दहा दिवसांत कंटाळा येतो. मग लक्षात आलं की दुधाचा हिशोब आपण कसा करतो? दूध आलं ते लिहीतच नाही, नाही आलं त्या दिवशी फक्त खाडा लिहितो. तसंच करा. नवीन कॅलेंडरवर पेन्सिलने खाडा, आणि बाजूला एका शब्दात कारण, "ताप", "पाहुणे", "कंटाळा". महिनाअखेरीला मोजा. माझ्या डब्याच्या नेमात पहिल्या महिन्यात अकरा खाडे होते आणि त्यातले सात गुरुवारी किंवा त्याच्या आगेमागे, कारण गुरुवारी भाजी संपलेली असायची. बाजाराचा दिवस रविवारवरून बुधवारी नेला, पुढच्या महिन्यात तीनच खाडे. नेम मोडला म्हणून स्वतःला बोलत बसू नका, कारण वाचा आणि दिवस, वेळ नाहीतर जागा बदला. आजी पण ताप आला तेव्हा दोन दिवस वाती वळू शकली नव्हती, पुढचे चार दिवस दोन-दोन जुड्या जास्त करत राहिली, आणि जमल्या तेवढ्या झाल्यावरच थांबली.

राहिलं उद्यापन. आजीने मेहूण जेवायला घातलं होतं, पुरणपोळी केली होती. तुम्ही तुमच्या पद्धतीने करा, पण करा, आणि नेम निभावताना ज्याने साथ दिली त्याला बोलवा. नवीन कॅलेंडर आणलंत की पहिल्यांदा एप्रिलचं पान उलटा, ३० तारखेच्या चौकोनात "उद्यापन" लिहा आणि खाली जेवायला कोणाला बोलवायचं त्याचं नाव. आणि जुनं कॅलेंडर रद्दीवाल्याला देऊ नका, गुंडाळून कपाटावर ठेवा.