२८ फेब्रुवारीचा दिनविशेष कसा लिहावा

परिपाठात दिनविशेषाच्या वाट्याला जेमतेम दोन मिनिटं येतात. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, बातम्या, बोधकथा या सगळ्यांच्या मध्ये कुठेतरी. ज्याची पाळी असते तो कागद घेऊन उभा राहतो आणि एका दमात वाचून टाकतो: जन्म, जन्म, मृत्यू, स्थापना, मृत्यू. ऐकणारी मुलं तोवर पुढच्या मुलीच्या रिबिनीशी खेळत असतात. त्यांना रागावून उपयोग नाही, कारण तो कागद ऐकण्यासाठी लिहिलेलाच नसतो. मी विज्ञान शिकवते, त्यामुळे आमच्याकडे २८ फेब्रुवारीचा फळा आणि परिपाठाचा कागद दोन्ही माझ्याकडे ठरलेलं असतं. हाच एक दिवस घेऊन सांगते.

आधी मिळतील त्या सगळ्या नोंदी कच्च्या वहीत उतरवून घ्या. या तारखेला पुष्कळ सापडतं. राष्ट्रीय विज्ञान दिन, डॉ. राजेंद्रप्रसाद यांचं निधन (१९६३), कमला नेहरू यांचं निधन (१९३६), लायनस पॉलिंग यांचा जन्म (१९०१), इजिप्तला ब्रिटनने दिलेलं स्वातंत्र्य (१९२२), स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांची हत्या (१९८६). शिवाय बरंच काही. एवढं सगळं वाचायचं नसतंच. प्रत्येक नोंदीला एकच प्रश्न विचारायचा: त्या दिवशी नेमकं काय झालं? कोणी काही पाहिलं, छापलं, जाहीर केलं, की कोणी जन्मलं? हा प्रश्न विचारला की निम्म्या नोंदी आपोआप गळतात आणि उरलेल्या बोलायला लागतात.

विज्ञान दिनाचंच घ्या. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या फळ्यावर ‘आज सी. व्ही. रामन यांची जयंती’ असं लिहिलेलं दिसतं. रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ चा. दुसरी आवडती चूक म्हणजे ‘या दिवशी नोबेल मिळाले’. नोबेल १९३० सालचं, आणि नोबेल देण्याचा सोहळा डिसेंबरात होतो. मग २८ फेब्रुवारी १९२८ ला काय झालं? कोलकात्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत रामन आणि के. एस. कृष्णन द्रवांतून विखुरणाऱ्या प्रकाशावर काम करत होते. विखुरलेल्या प्रकाशातला थोडासा भाग आपला रंग बदलून बाहेर येतो, असा त्यांचा अंदाज आधीच झाला होता. ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाला पाठवलेल्या त्यांच्या पत्रावर १६ फेब्रुवारी ही तारीख आहे. २८ तारखेला वर्णपटदर्शकातून, म्हणजे प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणाऱ्या उपकरणातून, पाहिल्यावर मूळ प्रकाशापासून वेगळा पडलेला तो बदललेला प्रकाश स्पष्ट दिसला. यालाच रामन परिणाम म्हणतात. दुसऱ्या दिवशी बातमी वर्तमानपत्रांना दिली. दुसरा दिवस म्हणजे २९ फेब्रुवारी, कारण १९२८ हे लीप वर्ष! मुलांना हे फार आवडतं. तारीख एक दिवस पुढे सरकली असती तर विज्ञान दिन चार वर्षांतून एकदा आला असता, असं कोणीतरी ओरडतंच. हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून १९८७ पासून पाळला जातो.

यातलं परिपाठात किती सांगायचं? चार वाक्यं. बाकीचं फळ्यावर, आणि त्याहून जास्त काही विचारलं तर तासाला. पण लिहिणाऱ्याला सगळं ठाऊक असावं, नाहीतर ती चार वाक्यं चुकतात.

दुसरी नोंद मी पॉलिंग यांची घेते, पण एकटी नाही. नुसतं ‘लायनस पॉलिंग यांचा जन्म’ म्हटलं तर सातवीतल्या मुलाला त्याचं काय? आता शेजारी दुसरी नोंद ठेवा. २८ फेब्रुवारी १९५३ ला केंब्रिजमध्ये वॉटसन आणि क्रिक या शास्त्रज्ञांच्या डीएनएच्या प्रतिकृतीतले तुकडे जुळले आणि दुहेरी सर्पिलाकार रचना उभी राहिली. पॉलिंग त्या वेळी जगातले नावाजलेले रसायनशास्त्रज्ञ, तेही याच रचनेच्या मागे होते. त्याच महिन्यात त्यांनी तीन साखळ्यांची रचना छापली होती आणि ती चुकली होती. म्हणजे बरोबर उत्तर दुसऱ्यांना सापडलं ते नेमकं त्यांच्या बावन्नाव्या वाढदिवशी. अशा जोड्या शोधायला वेळ लागतो, पण एक जोडी दहा सुट्या नोंदींना भारी पडते. इथे रोझालिंड फ्रँकलिन यांचं नाव सोडू नका. त्यांच्या क्ष-किरण छायाचित्रावाचून हे घडलं नसतं. १९६२ चं नोबेल मात्र वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना मिळालं, तोवर त्या हयात नव्हत्या. आणि शोधनिबंध छापून आला २५ एप्रिलला, तेव्हा ‘प्रसिद्ध झाला’ असं २८ फेब्रुवारीच्या फळ्यावर लिहू नये.

तिसरी नोंद माझी लाडकी. २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी, सॉमरसेट लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, गेटवे ऑफ इंडियाच्या कमानीखालून जाऊन भारतातून निघून गेली. पंचम जॉर्ज १९११ मध्ये मुंबईत उतरले त्याच्या स्मरणार्थ ती कमान बांधलेली. ज्यांच्या घरात गेटवेसमोर काढलेला फोटो आहे अशी मुलं प्रत्येक वर्गात असतात, त्यांना मान वर करायला हे पुरतं. १५ ऑगस्टला सगळे इंग्रज त्याच रात्री गेले असं त्यांना वाटत असतं.

बास. तीन नोंदी. राजेंद्रप्रसाद यांचं निधन फळ्यावर एका ओळीत घेते, पाल्मे वहीतच राहतात. इजिप्तचं स्वातंत्र्य मी वगळते, कारण ब्रिटनने इतकी कामं स्वतःकडे राखून ते दिलं की समजावण्यातच दोन मिनिटं जातील. तैवानमध्ये १९४७ साली या दिवशी उसळलेला उठाव सरकारने चिरडला आणि आज तिथे हा शांतता स्मृतिदिन आहे. मोठ्या वर्गांसाठी हे जरूर सांगावं, पहिली-दुसरीसमोर नको.

तारखांबाबत थोडी सावधगिरी. युरोपातल्या जुन्या नोंदी ज्युलियन (जुन्या) की ग्रेगोरियन (आजच्या) पंचांगाच्या, हे पाहिल्याशिवाय लिहू नका. ब्रिटनने १७५२ पर्यंत जुनंच पंचांग वापरलं. वेळेच्या फरकाचाही घोळ होतो. १९९१ चं आखाती युद्ध थांबलं तेव्हा कुवेतमध्ये २८ ची सकाळ होती आणि वॉशिंग्टनमध्ये २७ ची मध्यरात्र उलटत होती, त्यामुळे दोन पुस्तकांत दोन तारखा सापडू शकतात. घटना जिथे घडली तिथली तारीख घ्यावी, असं माझं मत. तिथीने येणारे सण कायमच्या वहीत तारखेखाली लिहूच नका. महाशिवरात्र २०२४ मध्ये ८ मार्चला होती आणि २०२५ मध्ये २६ फेब्रुवारीला. दुर्मिळ आजार दिनाचं वेगळंच: तो फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी असतो, लीप वर्षात २९ ला. सुरुवातच २९ फेब्रुवारी २००८ ला झाली, दुर्मिळ आजारांसाठी दुर्मिळ तारीख म्हणून.

आता वाचणाऱ्याचा कागद. त्यावर साल अक्षरांत लिहा, ‘एकोणीसशे अठ्ठावीस’. आकडे दिले की मूल माईकसमोर ‘एक हजार नऊशे…’ करत अडखळतं आणि सगळी रांग हसते. परकी नावं तोडून लिहा आणि आदल्या दिवशी एकदा मोठ्याने वाचून घ्या. या तारखेला आदला दिवस म्हणजे २७, मराठी भाषा गौरव दिन, कुसुमाग्रजांची जयंती. सगळे शिक्षक ग्रंथदिंडी आणि कवितावाचनात अडकलेले असतात, म्हणून २८ चा कागद मी २६ लाच मुलाच्या हातात देते.

फळ्यावर प्रत्येक नोंदीत कर्ता आणि क्रियापद हवं. ‘रामन परिणाम, १९२८’ हे मथळ्यापुरतं ठीक, खाली ‘रामन आणि कृष्णन यांनी रंग बदललेला प्रकाश पाहिला’ असं वाक्य असू द्या. खडूचे रंग दोनच. तळाशी उत्तर न देता एक प्रश्न: ‘१९२८ च्या फेब्रुवारीत किती दिवस होते?’ चौथीतलं मूलही ते चारने भागून शोधू शकतं. उत्तर मधल्या सुट्टीत घ्यायचं, आणि जो सांगेल त्याला २९ चा किंवा १ मार्चचा दिनविशेष वाचायला द्यायचा, त्या वर्षी जो येत असेल तो.