झोटेरोने विचारलं आणि मी 'येस' दाबलं

थिसिसमधले संदर्भ मी झोटेरो या सॉफ्टवेअरने वर्डमध्ये टाकत होतो. दुसरं प्रकरण चालू असताना (पाटील, २०१४) हे साधंसरळ सायटेशन, म्हणजे मजकुरातला संदर्भ, एका रात्रीत (एस. बी. पाटील, २०१४) झालं. पुढच्या पानावर (एस. पाटील, २०१७). गाईड मॅडमनी प्रिंटवर लाल पेनाने गोल केले, 'आद्याक्षरं कशाला?' मी वर्डमध्ये कर्सर नेला आणि 'एस. बी.' खोडून टाकलं.

इथेच फसलो. थोड्या वेळाने झोटेरोने विचारलं, तुम्ही हे सायटेशन हाताने बदललंय, बदल ठेवायचा? मी 'येस'. एकदा नाही, चाळीसेक वेळा. त्या 'येस'चा अर्थ असा, की यापुढे झोटेरो त्या सायटेशनला हात लावणार नाही. दिसायला ते तसंच, क्लिक केलं की राखाडीही होतं, पण आतून गोठलेलं. वर्षभराने त्याच प्रकरणाचा पेपर केला. जर्नलला व्हँकुव्हर स्टाईल हवी होती, म्हणजे नाव-सालाऐवजी नुसते आकडे. स्टाईल बदलली, सगळीकडे आकडे आले, आणि मधेमधे हे पाटील नाव-सालासकट तसेच उभे! दोन रात्री एकेक शोधत बसलो.

खरा घोळ वर्डमध्ये नव्हताच, झोटेरोच्या लायब्ररीत, म्हणजे साठवलेल्या नोंदींत होता. एकाच माणसाची नोंद एकदा 'एस. बी.' आणि एकदा नुसती 'एस.' अशी झाली होती. मी वापरत होतो त्या एपीए स्टाईलमध्ये एका आडनावाचे दोन लेखक आले की आद्याक्षरं लावावी लागतात. झोटेरोला ती दोन माणसं वाटली, त्याचं काही चुकलं नाही. दोन्ही नोंदींत नाव सारखं करा, वर्डमध्ये येऊन रिफ्रेश दाबा, आद्याक्षरं आपोआप जातात. (पाटील, २०१४ए) असं दिसलं तर बहुतेक एकच लेख दोनदा सेव्ह झालाय. त्यातला एक डिलीट करू नका, दोन्ही मर्ज करा, म्हणजे वर्डमधला दुवा तुटत नाही. आणि रिझर्व्ह बँकेचं (इंडिया, २०१९) झालं असेल तर हसून घ्या, झोटेरोला 'इंडिया' हे आडनाव वाटलंय. मग नोंदीत नावाच्या रकान्याशेजारचं बटण दाबून पूर्ण नाव एकाच रकान्यात टाका.

हाताने आधीच बदलून बसला असाल तरी घाबरू नका. त्या सायटेशनवर झोटेरोचं ॲड/एडिट उघडा. बदल जातील अशी सूचना येईल, जाऊ द्या. पान क्रमांक, 'पहा', लेखकाचं नाव गाळणं, हे सगळं त्याच खिडकीत नावाच्या बुडबुड्यावर क्लिक करून होतं.

'शेवटी डीटीपीवाला करून देतो' म्हणणाऱ्या सीनियरचं ऐकू नका. तो सगळं हातानेच टाइप करतो आणि व्हायव्हाला मात्र तुम्ही उभे असता. अनलिंक सायटेशन्स, म्हणजे सायटेशन्सचा झोटेरोशी दुवा तोडणारं बटण, तर मूळ फाईलवर कधीच दाबू नका. कॉपी काढा, त्या कॉपीवर दाबा. माझी मूळ फाईल अजून पेनड्राइव्हवर जिवंत आहे, परवाच तिची स्टाईल बदलून बघितली. एक पाटील अजून सापडला.