प्ले-कॉलिंगवर वाद घालताना या चुका टाळा

प्ले-कॉलिंग म्हणजे पुढची चाल (प्ले) कोणती खेळायची ते ठरवणं. अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये संघ हरला की त्याच रात्री ‘ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरला (आक्रमण आखणाऱ्या कोचला) हाकला’ अशी ओरड सुरू होते. तिकडे शिकायला गेलेली आपली मुलंही पहिल्याच सीझनमध्ये त्यात सामील होतात आणि त्याच त्या चुका करतात.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे निकाल बघून कॉल जोखणं. 7 ऑक्टोबर 2023 ची मायामी विरुद्ध जॉर्जिया टेक मॅच घ्या. मायामी 20-17 ने पुढे, बॉल त्यांच्याचकडे, तिसरा डाउन (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसरा). घड्याळात 40 पेक्षा कमी सेकंद आणि जॉर्जिया टेककडे एकही टाइमआउट नाही. प्ले क्लॉक, म्हणजे पुढचा प्ले सुरू करायला मिळणारा वेळ, 40 सेकंदांचा असतो. म्हणजे क्वार्टरबॅकने (पास फेकणाऱ्या मुख्य खेळाडूने) गुडघा टेकून प्ले तिथेच संपवला असता, तर घड्याळ चालू राहिलं असतं आणि पुढचा स्नॅप (प्ले सुरू करणारी बॉलफेक) घ्यायची वेळच आली नसती. पण मायामीचे कोच मारिओ क्रिस्टोबाल यांच्या संघाने रन प्ले (बॉल घेऊन पळण्याची चाल) लावला. 26 सेकंद उरले असताना बॉल निसटला, जॉर्जिया टेकने चार प्लेमध्ये 74 यार्ड कापले आणि मॅच 23-20 ने जिंकली. इथे बॉल घेऊन पळणाऱ्या रनिंग बॅकला शिव्या घालणाऱ्यांना मुद्दाच कळलेला नाही. बॉल हातात राहिला असता तरी कॉल चुकीचाच होता, कारण त्या धावेतून मिळण्यासारखं काही नव्हतं.

यावर माझी सवय साधी आहे. स्नॅपआधी रेकॉर्डिंग थांबवायचं. डाउन, अंतर, वेळ, टाइमआउट आणि आपण काय खेळलो असतो ते कागदावर लिहायचं, मग पुढे बघायचं. नुसते हायलाइट्स बघून मत देणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही.

दुसरी चूक, बॉक्स स्कोअर (मॅचच्या आकडेवारीचा तक्ता) बघून ‘किती रन खेळतात!’ म्हणणं. कॉलेजमध्ये सॅक (पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं) रनिंगच्या खात्यात जातो, एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये पासिंगच्या. पाससाठी मागे गेलेला क्वार्टरबॅक जागा न मिळाल्याने पळाला (स्क्रॅम्बल), तरी नोंद रनचीच. चार सॅक आणि तीन स्क्रॅम्बल झाले की सात पास कॉल रनमध्ये मोजले गेले, शिवाय धावेची सरासरीही घसरली. आधी ते वेगळे काढा. आरपीओमध्ये (रन-पास ऑप्शन) तर रन की पास हे क्वार्टरबॅक एका डिफेंडरची हालचाल बघून ठरवतो. पास फेकला गेला, पण लाइनमन (पुढच्या रांगेतले खेळाडू) पुढे घुसून रन ब्लॉक करत होते, तर तो बहुधा आरपीओ. पास असला तर कॉलेजात लाइनमनना तीन यार्ड पुढे जाता येतं, एनएफएलमध्ये एकच. म्हणून कॉलेजात हे जास्त दिसतं.

सरासरी यार्डांवर विसंबू नका. एक 60 यार्डांची धाव नऊ फसलेले प्ले झाकते. पहिल्या डाउनला लागणाऱ्या अंतराच्या निम्मं, दुसऱ्याला 70 टक्के, तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण मिळालं तर प्ले यशस्वी धरा आणि मोजा.

एनएफएलची गणितं कॉलेजला चिकटवू नका. प्ले सुरू करताना बॉल ज्या दोन रेषांच्या दरम्यान ठेवतात त्या हॅश मार्कमध्ये कॉलेजात 40 फूट अंतर असतं, एनएफएलमध्ये साडेअठरा. बॉल एका हॅशवर असला की दुसरी बाजू खूप मोकळी राहते, त्यामुळे एनएफएलमध्ये तोकडा वाटणारा बाहेरचा प्ले कॉलेजात योग्य ठरू शकतो.

आणि कोऑर्डिनेटरवर तुटून पडण्याआधी प्ले नक्की कोण कॉल करतं ते तपासा. बऱ्याच संघांत ते काम हेड कोच स्वतः करतो.