ब्रिटनमध्ये जुनी मोटरहोम घेताना: आधी ओल, मग इंजिन

भारतात जुनी गाडी घेताना आपण बॉनेट उघडतो, धुराचा रंग बघतो, ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन एक चक्कर मारतो. ब्रिटनमध्ये नव्याने आलेली मराठी कुटुंबं मोटरहोम, म्हणजे झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली घरासारखी गाडी, हीही अशीच तपासतात आणि तिथेच फसतात. इंजिन दुरुस्त होतं, गिअरबॉक्स बदलता येतो. आतून कुजलेल्या भिंतीचा खर्च मात्र कित्येकदा गाडीच्या किमतीलाच भिडतो.

‘बारा महिन्यांचं एमओटी आहे’ या वाक्यावर विसंबू नका. एमओटी म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का याची वार्षिक सरकारी चाचणी. तीत ब्रेक, दिवे, टायर, स्टिअरिंग, धूर हे तपासतात. भिंती, छत, गॅस, पाणी आणि २३० व्होल्टची वायरिंग, म्हणजे गाडीतलं ‘घर’, त्यात येतच नाही. त्यासाठी हॅबिटेशन चेक वेगळा असतो. शेवटचा अहवाल मागा. त्यात गाडीच्या आकृतीवर जागोजागी ओलीचे आकडे लिहिलेले असतात.

गाडी बघायला निघण्याआधी फोनवरच वजन विचारा. इथल्या कार लायसन्सवर, म्हणजे बी गटावर, ३५०० किलोपर्यंतचीच मोटरहोम चालवता येते. १ जानेवारी १९९७ पूर्वी परीक्षा पास झालेल्यांकडे सी-१, म्हणजे जड गाड्यांचा गट असतो, म्हणून जाहिरातींत जड गाड्याही सर्रास दिसतात. त्या आपल्यासाठी नाहीत. भारतात एलएमव्ही लायसन्स ७५०० किलोपर्यंत चालतं, तो हिशेब इथे लागू नाही. शिवाय भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून १२ महिनेच चालतं. दुसरा प्रश्न सीटबेल्टचा. सहा जण झोपू शकतात अशा गाडीत बेल्ट चारच असू शकतात. आई-बाबा भारतातून येणार असतील तर बिछाने नव्हे, बेल्ट मोजा.

आता ओल. जुन्या कोचबिल्ट, म्हणजे चालकाच्या केबिनमागे वेगळं घर बांधलेल्या गाडीची भिंत साधारण अशी असते: बाहेर ॲल्युमिनियम किंवा फायबरग्लासचा पत्रा, मध्ये थर्मोकोलसारखा फोम आणि लाकडी पट्ट्या, आत पातळ प्लायवुड, आणि त्यावर व्हिनाइलचा कागद. सांध्यांत पाणी अडवायला भरलेलं मॅस्टिक (चिकट लांबी) वर्षानुवर्षांनी कडक होऊन तडकतं आणि पाणी आत शिरतं. मुंबई-कोकणातल्या घरात ओल आली की भिंतीला पोपडे धरतात, ती लगेच दिसते. इथे व्हिनाइल ती झाकून ठेवतं. डाग दिसेपर्यंत आतलं लाकूड मऊ झालेलं असतं. म्हणून नजरेवर नाही, बोटांवर भरवसा ठेवा.

सगळी कपाटं रिकामी करायला सांगा, गाद्या उचला. अंगठ्याने जोर देऊन दाबत जा: छतावरच्या खिडक्यांचे चारही कोपरे, बाजूच्या खिडक्यांचे खालचे कोपरे, वरच्या कपाटांच्या आत छत आणि भिंत मिळतात ती रेघ, ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पलंगाचे पुढचे कोपरे, मागच्या दिव्यांच्या आतली बाजू, आणि ऑनिंगची (बाहेर पसरायच्या कापडी छपराची) पट्टी बसवली आहे त्या ओळीची आतली बाजू. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून तिरपा धरा. कागदाखाली लाट आली असेल तर सावली पडते. मडकं घेताना वाजवून बघतो तसं बोटाने ठोकत जा. जिथे आवाज अचानक बद्द येतो, तिथे मीटर लावा.

ओल मोजायचा दोन सुयांचा मीटर स्वस्तात मिळतो. सुयांची भोकं पडतात, म्हणून परवानगी घेऊन कपाटाच्या आत, लपलेल्या जागी टोचा. आधी आतल्या एखाद्या कोरड्या फळीचा आकडा घ्या, तो तुमचा पाया. १५ टक्क्यांपर्यंत चिंता नाही. १५ ते २० आला तर पुन्हा तपासायला हवं. २० ते ३० म्हणजे दुरुस्ती लागणार, आणि ३० च्या वर सांगाडा कुजत असण्याची शक्यता. एका आकड्यावर निकाल देऊ नका. मागे स्टेपल किंवा धातूची पट्टी असेल तर मीटर खोटा उसळतो, म्हणून १० सेंटीमीटर बाजूला पुन्हा मोजा. थंड सकाळी श्वासाच्या दवामुळे सगळीकडेच आकडा थोडा चढतो. गळतीत मात्र एकाच जागी उडी दिसते.

बाहेरून शिडी लावून छत बघाच. जुन्या करड्या मॅस्टिकवर चकचकीत पांढऱ्या सिलिकोनची रेघ ओढलेली असेल तर कुणीतरी गळती वरवर झाकली आहे. सिलिकोनच्या थरावर नंतर चांगलं मॅस्टिकही धरत नाही, सगळं खरवडून काढावं लागतं. ॲल्युमिनियमवर बारीक फुगवटे, सुईएवढी भोकं किंवा पांढरी भुकटी दिसली तर ओल आतून पत्रा खाते आहे. आत शिरताच उग्र सुगंधी स्प्रेचा वास, चालू डिह्युमिडिफायर (हवेतली ओल शोषणारं यंत्र) किंवा एकाच कोपऱ्यात नवा कागद दिसला, तर त्याचं कारण स्पष्ट विचारा.

फरशी मोजे घालून चालून बघा. दारापाशी आणि ओट्यासमोर ती दबून करकरत असेल, तर प्लाय फोमपासून सुटला आहे. लाकूड कोरडं असेल तर भोकं पाडून इपॉक्सी (घट्ट होणारा गोंद) भरता येतं, काम आवाक्यातलं असतं. भिंतीलगतची फरशी मऊ लागली तर ते पाणी आहे, तिथे सौदा थांबवा. खालून नुकताच काळा रंग फासलेला असेल तर आणखी सावध व्हा. थंडीत इथल्या रस्त्यांवर मीठ टाकतात, त्याचा गंज लपवायलाही तोच रंग वापरतात.

विक्रेत्याला आदल्या दिवशी तीन गोष्टी सांगून ठेवा: फ्रीज चालू ठेवा, पाण्याची टाकी भरा, इंजिन गार राहू द्या. मोटरहोममधला ॲब्सॉर्प्शन (कॉम्प्रेसरऐवजी उष्णतेवर चालणारा) फ्रीज थंड व्हायला कित्येक तास घेतो. तो गॅस आणि २३० व्होल्ट, दोन्हींवर वेगवेगळा तपासा, आणि १२ व्होल्टवर इंजिन चालू ठेवून. बॉयलर पाण्याने भरून अर्धा तास तापवा आणि खाली टिश्यू पेपर पसरून ठेवा. हिवाळ्यात पाणी न काढता ठेवलेला बॉयलर गोठून तडकतो, आणि नवा फार महाग पडतो. सगळे नळ बंद केल्यावर पंप थांबला पाहिजे. तो मध्येच पुन्हा घरघरला तर दाब कुठेतरी सुटतो आहे. गॅसच्या रबरी नळीवर छापलेलं वर्ष वाचा, पाच वर्षांच्या वरची बदलायची असं धरून चाला.

वाहनाचा भाग, म्हणजे इंजिन आणि चेसिस, बहुधा फियाट डुकाटोचा असतो. २.३ लिटरच्या इंजिनाला टायमिंग बेल्ट असतो. मैल कमी असले तरी वयाने तो बदलावाच लागतो, पावती मागा. २००६ नंतरच्या काही गाड्यांत पुढच्या काचेखालच्या खाचेतून पाणी इंजिनावर टपकून इंजेक्टर गंजतात. चढावर रिव्हर्स घेताना गाडी थरथरते का तेही बघा. टायरची नक्षी खोल असूनही टायर म्हातारा असू शकतो. टायरच्या कडेवर छापलेल्या डीओटी खुणेचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१८ म्हणजे २०१८ चा २३ वा आठवडा.

व्ही-५-सी लॉगबुक, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, हा मालकीचा पुरावा नाही, त्यावर फक्त नोंदणीकृत वापरकर्त्याचं नाव असतं. त्यातला व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) चेसिसवरच्या क्रमांकाशी अक्षर न् अक्षर जुळवा, एमओटीचा इतिहास सरकारी साइटवर मोफत बघा, आणि गाडीवर कर्ज आहे का ते पैसे भरून तपासा. लंडनमध्ये राहणार असाल तर युलेझचं, म्हणजे प्रदूषण करणाऱ्या गाड्यांवरच्या शुल्काचं बघा: डिझेल गाडी साधारणपणे युरो ६ या प्रदूषण मानकाची नसेल तर ३५०० किलोपर्यंतच्या गाडीला वापराच्या दर दिवशी साडेबारा पौंड. डीलरकडून घेतल्यास मोठा दोष निघाल्यावर ३० दिवसांत गाडी परत करण्याचा हक्क २०१५ च्या ग्राहक कायद्याने मिळतो. खाजगी व्यवहारात तो नाही, तिथे वरची तपासणी हेच संरक्षण. आणि जुन्या मालकाचा रोड टॅक्स तुमच्याकडे येत नाही. किल्ली घेण्याआधी तुमच्या नावाने विमा आणि टॅक्स दोन्ही सुरू करा.