गॅसची नळी शेवटची कधी बदललीत, आठवतंय का?

आमच्या घरी हा प्रश्न निघाला तेव्हा कुणालाच आठवेना. मग टॉर्च घेऊन ओट्याखाली बसलो आणि नळीवर छापलेला महिना-वर्ष वाचला, तर सात वर्षं झालेली. ती केशरी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते, वरून कितीही नवी दिसली तरी. त्या संध्याकाळी मग सगळंच घर तपासलं, तेच इथे लिहितोय. तासाभराचं काम आहे.

सुरुवात ओट्याखालूनच करा. सिलेंडरच्या वरच्या कड्याच्या पट्टीवर आतल्या बाजूने ए, बी, सी किंवा डी आणि पुढे दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, असं पुढे, आणि आकडे म्हणजे वर्ष. ती टाकीच्या टेस्टिंगची मुदत, उलटून गेलेली टाकी घेऊच नका. डिलिव्हरीवाल्याला सील तोडून आतलं वायसर बघायला सांगा, तो घाईत असतो पण सांगितलं की बघतो. टाकी उभीच ठेवायची आणि शेगडी तिच्यापेक्षा उंचावर. गळती बघायला साबणाचा फेस जोडांवर लावा, बुडबुडे आले की गळती. काडी पेटवून बघणारे महाभाग अजून आहेत, त्यांना हात जोडून नमस्कार.

वास आलाच तर बटणाला हात लावू नका, चालू करायलाही नाही आणि बंद करायलाही नाही, कारण दोन्ही वेळा ठिणगी पडते. एक्झॉस्ट फॅन तर अजिबात नको, लोक हमखास तेच करतात. रेग्युलेटर बंद करा, काढून टोपी बसवा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर जा आणि बाहेरून १९०६ ला फोन करा. टाकीतला गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली जमिनीलगत साचतो, त्यामुळे नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही. पाइपगॅसचं उलटं, तो हलका असतो, वर चढतो. तुमच्याकडे पाइप असेल तर त्याची चावी कुठंय हे घरातल्या सगळ्यांना माहीत पाहिजे, फक्त बाबांना नाही.

कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी टाकायचं नाही म्हणजे नाही. पाणी तळाशी जातं, क्षणात त्याची वाफ होते आणि पेटतं तेल छतापर्यंत उडतं. गॅस बंद करून बाजूने ताट किंवा परात सरकवत झाकायचं आणि गार होईपर्यंत उघडायचं नाही, कढई उचलून मोरीकडे पळायचं तर मुळीच नाही. आणि तळण चालू असताना फोन आला तर आधी गॅस बंद, मग हॅलो.

आता वीज. माझ्या मते खरा घोळ इथे असतो, कारण गॅसला आपण घाबरतो तरी, वायरला कोण घाबरतं? आमच्या गीझरच्या पिनेचा एक पाय पिवळट-तपकिरी झाला होता आणि बाथरूमबाहेर अधूनमधून मासळीसारखा वास यायचा. आम्ही आठवडाभर शेजारच्या स्वयंपाकघराला दोष देत होतो. तापलेल्या प्लगचं प्लास्टिक असा वास मारतं, हे वायरमनने सांगितलं तेव्हा कळलं. दोन हजार वॉटचा गीझर नऊ अँपिअरच्या आसपास ओढतो आणि कुणीतरी (मीच) तो कन्व्हर्टर लावून सहा अँपिअरच्या छोट्या सॉकेटवर चालवला होता. गीझर, एसी, इस्त्री, इंडक्शन, सगळं सोळाच्या पॉवर पॉइंटलाच, एक्स्टेंशनवर नाही. एसी-गीझर थोडा वेळ चालवून बंद करा आणि पिनेला हात लावून बघा, चटका बसला तर आत लूज कनेक्शन आहे.

आणखी एक, एमसीबी (जास्त वीज ओढली गेली की आपोआप पडणारा मीटरजवळचा स्विच) सारखा पडतो म्हणून वायरमन म्हणेल "साहेब, मोठा टाकतो", तर नाही म्हणा. एमसीबी वायरीला वाचवायला असतो, जुन्या बारीक वायरीवर बत्तीसचा टाकला तर एमसीबी पडायच्या आधी भिंतीतली वायर जळेल. आरसीसीबीवर (वीज गळून शॉक बसण्याची वेळ आली की पुरवठा तोडणारा स्विच) टेस्टचं बटण असतं ते दोन-तीन महिन्यांनी दाबा, खटकन पडला पाहिजे. ई-स्कूटरची बॅटरी वर आणून चार्ज करत असाल तर दाराच्या वाटेत नको आणि रात्रभर नको, ती पेटली तर बाहेर पडायचा रस्ताच जातो.

देवघर. उंदीर तुपाची वात पळवतो, ही गंमत नाही, माझ्या मावशीकडे पेटती वात कपाटाखाली गेली होती, चादरीवर निभावलं. झोपताना, बाहेर जाताना निरंजन शांत करा किंवा काचेच्या आत ठेवा. पडदा लांब. नायलॉनचा गाऊन घालून ओट्याशी उभं राहू नका, सुती बरा. कपडे पेटलेच तर पळू नका, खाली पडून लोळा. भाजलं तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा, टूथपेस्ट-हळद काही लावू नका.

दोन किलोचा एबीसी एक्स्टिंग्विशर (आग विझवायचा पावडरचा लाल नळकांडा) घ्या, पण स्वयंपाकघरात शेगडीमागे नको, दाराजवळ. काटा हिरव्यात आहे ना बघत जा. पिन काढा, आगीच्या मुळाशी धरा, दाबा, डावी-उजवीकडे फिरवा. दहा सेकंदांच्या आसपास संपतो, तेवढ्यात विझली नाही तर दार ओढून घेऊन बाहेर आणि १०१. लिफ्ट नाही, जिना. धूर असेल तर रांगत.

जिन्याचं बोललो तर सोसायटीत वाद होतो, पण चपलांचे रॅक, जुनी सायकल, कुंड्या हे सगळं तिथून हलवा. राज्यात २००६ चा अग्निसुरक्षा कायदा आहे, त्याप्रमाणे सोसायटीने जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी घेऊन अग्निशमन दलाकडे द्यायचा असतो. सेक्रेटरींना एकदा विचाराच, चेहरा बघण्यासारखा होतो. आणि खिडकीच्या ग्रिलला उघडणारं दार ठेवा, किल्ली तिथेच खिळ्याला. आमची किल्ली तिजोरीत होती, आता हाताला लागते अशी पडद्याच्या मागे लटकतेय.