सायकोसिसच्या पहिल्या एपिसोडनंतर घरातल्या पोरासोबत गेम कसा खेळायचा

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. माझ्या मावसभावाला १९ व्या वर्षी सायकोसिसचा, म्हणजे खरं काय आणि मनातलं काय हे कळेनासं होणाऱ्या आजाराचा, पहिला एपिसोड आला, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता तेव्हा, आणि दवाखान्यातून घरी आल्यावर पुढचे सात-आठ महिने मी दर शनिवारी मावशीकडे जाऊन त्याच्या शेजारी बसून गेम खेळले. त्यातून जे हाताला लागलं ते लिहितेय, कारण "तो नुसता पडून असतो गं, बोलतच नाही, काय करू" हे मावशीसारख्या अजून चारजणींकडून ऐकलंय.

गेम म्हणजे उपचार नव्हे. गोळ्या, डॉक्टर, झोप हे आधी. नसलेले आवाज ऐकू येतायत, कोणीतरी पाळतीवर आहे म्हणून खिडक्या बंद करून बसलाय असं चालू असेल तर गेमबिम बाजूला ठेवा आणि सायकियाट्रिस्टकडे न्या, उपचार जितके लवकर सुरू होतील तितकं पुढचं बरं जातं. सुरुवात कुठून करायची कळत नसेल तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लावा, सरकारी आहे, फुकट आहे, रात्री-बेरात्री लागतो आणि मराठीत बोलता येतं. आमच्याकडे आधीचे दोन महिने देवऋषी आणि अंगारे-धुपाऱ्यात गेले, आणि वर एक काका आहेतच "मोबाइलनेच झालंय हे" म्हणणारे. नुसत्या गेममुळे सायकोसिस होत नाही हो. घराण्यातला धोका, ताण, झोपेचं खोबरं, काहींच्या बाबतीत गांजा, असं बरंच काही एकत्र येतं.

मग गेम कशाला? तर आवाज आणि संशय गोळ्यांनी बऱ्याच जणांचे कमी होतात, पण मागे जे उरतं ना, उठावंसंच न वाटणं, लक्ष न लागणं, माणसं टाळणं, त्यावर गोळी तेवढी चालत नाही. आणि घरचे काय करतात, समोर खुर्ची टाकून विचारतात, जेवलास का, गोळी घेतलीस का, आज कसं वाटतंय, आवाज येतायत का. रोजची तोंडी परीक्षा. त्यापेक्षा शेजारी बसून दोघांनी एकाच स्क्रीनकडे बघितलं की नजरेला नजर द्यावी लागत नाही, अर्धा तास गप्प बसलं तरी अवघड वाटत नाही, आणि बोलायचंच झालं तर विषय समोर असतो, त्याचा आजार नसतो. मला तरी गेमचा खरा उपयोग एवढाच वाटतो.

गेम निवडताना घाई नसलेला घ्या. आम्ही स्टारड्यू व्हॅली घेतला, शेतीचा आहे, कॉम्प्युटरवर स्क्रीन दोघांत विभागून खेळता येतो, एकाने कीबोर्ड घ्यायचा आणि दुसऱ्याने कंट्रोलर, म्हणजे गेमचं हातात धरायचं रिमोट. त्यातला एक दिवस म्हणजे आपली साधारण १४ मिनिटं, त्यामुळे "अर्धा तास खेळू" म्हणायच्या ऐवजी "दोन दिवस खेळू" म्हणता येतं. गेममधल्या रात्री दोनपर्यंत झोपला नाहीत तर तुमचा शेतकरी चक्कर येऊन पडतो, त्याआधी दिवस संपवायचा तर दोघांनी आपापल्या पलंगावर जावं लागतं, आणि गेम सेव्हही दिवस संपला की होतो. म्हणजे थांबायची जागा गेमनेच करून ठेवलीय, मला "पुरे आता" म्हणून वाईट व्हावं लागलं नाही.

पहिले तीन शनिवार तो फक्त झाडांना पाणी घालत होता, एक शब्द नाही. चौथ्या शनिवारी मी वसंतातल्या वीस तारखेला फ्लॉवर लावायला घेतला तर म्हणाला, "ताई, त्याला बारा दिवस लागतात. अठ्ठावीसला महिना संपतो, सगळं मरेल." ज्या पोराला टीव्हीवरची बातमी शेवटपर्यंत धरून ठेवता येत नव्हती त्याने मनातल्या मनात हा हिशोब केला होता! मी काही कौतुकाचा वर्षाव केला नाही, "अरे हो की" म्हटलं आणि बी परत पेटीत ठेवलं. तुम्हीही असंच करा, टाळ्या वाजवल्या की परत परीक्षा सुरू झाल्यासारखं होतं.

माइनक्राफ्ट, ठोकळे रचून बांधकाम करायचा गेम, तोही चालेल, क्रिएटिव्ह मोडवर टाका किंवा पीसफुल, म्हणजे राक्षस अंगावर येत नाहीत. लुडो, कॅरम, क्रिकेटचे गेम मोबाइलवर आहेतच, मावशीला सुद्धा जमतात. टाळायचे म्हणजे भुताटकीचे, आणि अमंग असचा प्रकार, ज्यात आपल्यातलाच कोणीतरी खुनी आहे आणि सगळ्यांनी एकमेकांवर संशय घ्यायचा. संशयाने होरपळून नुकत्याच बाहेर आलेल्या पोराला हा खेळ कशाला द्यायचा. अनोळखी लोकांशी व्हॉइस चॅट बंदच ठेवा, तिथे शिव्या असतात आणि कानात परके आवाज असतात, दोन्ही नको. पैसे लावायचे ऑनलाइन गेम तर २०२५ च्या कायद्याने देशात बंदच आहेत, तरी फोनवर जुनं काही पडलंय का बघा.

हेलब्लेड नावाचा २०१७ चा एक गेम आहे, नायिकेला सायकोसिस आहे, केंब्रिजच्या निंजा थिअरी कंपनीने पॉल फ्लेचर या मानसोपचारतज्ज्ञांना आणि स्वतः हे अनुभवलेल्या लोकांना सोबत घेऊन तो बनवला. हा तुम्ही खेळा, पेशंटच्या हातात नका देऊ. हेडफोन लावले की आवाज डाव्या कानामागून, उजव्या खांद्यावरून, एकाच वेळी तीन-चार जण कुजबुजतात, टोमणे मारतात. मी वीस मिनिटांत हेडफोन काढले आणि त्यानंतर मावसभावाला "लक्ष देऊ नकोस त्या आवाजांकडे" म्हणणं सोडलं.

खेळताना हात थरथरणं, पाय सारखे हलणं, पेंगुळणं, आधीपेक्षा हळू झालेला हात, हे आळस म्हणून मोजू नका, गोळ्यांनीही होतं. तारीख टाकून लिहून ठेवा आणि पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना दाखवा. स्वतःच्या मनाने डोस कमी करू नका. झोपेच्या बाबतीत मात्र मी कडक आहे, रात्रीच्या गोळीच्या तासभर आधी सगळं बंद, कारण रात्रभर जागरण झालं की त्रास उलटायची भीती असते. पण हा नियम बरा असताना त्याच्याशी बसून ठरवा. भांडणात वायफायचं बटण खटकन बंद करणं आमच्याकडे एकदा झालं, पुढचे दोन शनिवार त्याने दार उघडलं नाही.

आणि समजा तो म्हणाला, "गेममधला तो म्हातारा माझ्याबद्दलच बोलतोय". वाद घालू नका, पण होलाही हो करू नका. "मला तसं नाही वाटलं, पण तुला भीती वाटली असणार, थांबूया?" एवढंच, स्क्रीन बंद, पाणी, जरा गच्चीवर, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

घराबाहेर पडायचं काय? ऑक्सफर्डला डॅनियल फ्रीमन यांच्या टीमने गेमचेंज नावाची व्हीआर, म्हणजे आभासी जगातली, थेरपी केलीय, हेडसेटमध्ये कॅफे, बस, दुकान दिसतं आणि पेशंट तिथे वावरायची प्रॅक्टिस करतो, ३४६ जणांवरचा अभ्यास २०२२ मध्ये आला आणि ज्यांना बाहेर पडायची सगळ्यात जास्त भीती होती त्यांना जास्त फायदा झाला. आपल्या घरी कुठला हेडसेट. पण पायरी पायरीने जायची कल्पना उचलता येते. आमच्या कंट्रोलरचे पेन्सिल सेल संपले की मी मुद्दाम जास्तीचे आणून ठेवत नव्हते. "चल, वाण्याकडून दोन सेल आणू." आधी मी बोलायचे आणि तो बाहेर पायरीवर उभा, मग तो आत, मग पैसे त्याने दिले, साताठ आठवड्यांनी एकटा गेला आणि चुकून मोठे सेल घेऊन आला. बदलून आणायलाही तोच गेला.

नंतर त्याचा कॉलेजचा एखादा मित्र बोलवा, पण आधी त्याला विचारून, आणि मित्राला किती सांगायचं तेही त्यालाच ठरवू द्या. आमच्या पोराने सांगितलं, "आजारी होतो एवढंच सांग." तेवढंच सांगितलं. मित्र आला की तुम्ही खुर्ची सोडा आणि स्वयंपाकघरात जाऊन चहा टाका, दारात उभं राहून डोकावू नका.