आई गेल्यावर तिच्या आठवणी गोळा करायच्या तर कुठून सुरुवात करायची

आईचं वर्षश्राद्ध जवळ आलं तसं बहीण म्हणाली, पोरांसाठी आजीचं काहीतरी लिहून ठेव. बसलो लॅपटॉप घेऊन, तर "प्रेमळ होती, कष्टाळू होती" याच्यापुढे गाडी सरकेना. एवढं तर कुणाच्याही आईबद्दल लिहिता येतं.

मग जे जमलं ते सांगतो. आधी लिहायला बसूच नका, घरातली एखादी वस्तू उचला आणि आईच्या बरोबरीच्या माणसाकडे जा. मी गोधडी नेली, मावशीच्या मांडीवर पसरली, फोन रेकॉर्डिंगला लावून बाजूला ठेवला (तिला विचारून). मावशी एकेक तुकडा बोटाने दाखवत सुटली, ही तुझी शाळेची खाकी चड्डी, हे हिरवं तिच्या लग्नातलं लुगडं, आणि हे फुलाफुलांचं झबलं तुझ्याआधी एक पोरगी झालेली तिचं, सव्वा महिन्याची होऊन गेली. माझी पन्नाशी उलटली, मला हे माहीतच नव्हतं. त्या झबल्याविषयी मावशी नंतर परत कधी बोलली नाही, म्हणून रेकॉर्डिंग पहिल्या मिनिटापासून चालू पाहिजे.

सन विचारू नका, कुणाला आठवत नाही. दाखल्यावरची जन्मतारीख 1 जून असेल तर बहुतेक ती गुरुजींनीच टाकलेली असते. आमच्या सातारकडे भूकंपाच्या आधी का नंतर असं विचारायचं. कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा, आईचं लग्न त्याच्या पुढच्या वैशाखात, म्हणजे 1968. आणि 72 च्या दुष्काळात मी पोटात होतो. तुमच्याकडे पानशेतचा पूर असेल, 1961 चा, नाहीतर किल्लारी, 1993.

ओव्या आठवत नाहीत म्हणणाऱ्या बायकांना दुसऱ्या कुणाची ओवी ऐकवा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाच्या वर ओव्या जमवल्यात, 'पारी'च्या (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) साइटवर त्यातल्या कितीतरी ऐकायला मिळतात. मावशीने एक ऐकली आणि "आमच्यात असं नाही म्हणत" म्हणून स्वतःच्या चार म्हटल्या.

रेसिपी लिहिताना "मूठभर" लिहू नका, आईची मूठ माझ्या निम्मी होती. तिच्या हाताखाली जिने स्वयंपाक केला तिला करायला सांगा, घालायच्या आधी प्रत्येक जिन्नस काट्यावर ठेवा. आमचा पहिला मसाला दगडफूल जास्त पडून कडू झाला, दुसरा जमला.

व्हॉट्सॲपवरच्या तिच्या व्हॉइस नोट आजच्या आज ड्राइव्हवर टाका, बॅकअप नसेल तर फोन बदलला की जातात.

दोघांचं पटलं नाही तर दोन्ही लिहा. मामा म्हणतो आईनेच शाळा सोडली, मावशी म्हणते आजोबांनी काढली. तिचा रागीटपणाही लिहा, नातवंडांनी तो बघितलाय, त्यांना कळतं.

शेवटी झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल बाइंडिंग करून तीस कॉपी काढल्या, मागची पाच पानं कोरी ठेवली आणि वर्षश्राद्धाला जेवणं झाल्यावर पेनं वाटली. मावशीने सगळ्यात आधी ओव्यांचं पान उघडलं आणि खाली लिहिलं, दुसरी ओळ चुकली आहे.